पिसवा मोजणारी उलकान आणि ओढ्यापलीकडचे डूल

जिपारला आज कुणी विचारलं, तर ती आधी डोक्याच्या रुमालाचं टोक तोंडाशी धरून पुरतं हसून घेते. मग कबूल करते, की पहिल्यांदा पाहिलं तेव्हा उलकान तिला वेडी वाटली होती. साधीसुधी वेडी नव्हे, नवऱ्यापायी वेडी झालेली.

झालं होतं असं. जूनचे पहिले दिवस. मेंढरं नुकतीच डोंगरमाथ्याच्या कुरणावर चढवलेली, तंबूचा नमदा अजून नीट ताणलाही नव्हता. जिपार चुलीसाठी वाळलेलं शेण गोळा करायला उतारावर गेली. समोर बघते तर एक आडव्या बांध्याची बाई गवतात पालथी पडलेली, गाल जमिनीला टेकलेला, आणि मार्मोटच्या बिळात एक लांबच लांब लवचिक काठी सरकवतेय. काठीच्या टोकाला पांढऱ्या फ्लॅनेलचं फडकं. काठी आत जाते, गरगर फिरते, बाहेर येते. बाई फडक्याशी नाक नेऊन काहीतरी पुटपुटते, आणि पुन्हा काठी आत.

जिपारला वाटलं, अरे देवा, हिचा नवरा पळून गेलाय आणि ही त्याला बिळाबिळांतून शोधत फिरतेय. बाईमाणूस ते, तिला दया आली. तंबूत जाऊन तिनं रोटी आणि वाडगाभर कुमिस, घोडीचं आंबवलेलं दूध, आणलं, चार हात लांब उभी राहिली आणि मायेनं म्हणाली, "बाई गं, नवरा असा सापडत नसतो. उठ, दोन घास खा."

बाईनं मानही वर केली नाही. "नवरा घरी आहे. शाळेत भूगोल शिकवतो. मी पिसवा मोजतेय. सदतीसपर्यंत आले होते, तुम्ही बोललात आणि गेल्या."

"कुठे गेल्या?"

"काही बिळात. काही तुमच्या बाजूला."

जिपारनं वाडग्यासकट जी उडी मारली, तिचं वर्णन उलकान पुढे अकरा वर्षं करत राहिली.

मार्मोट म्हणजे खारीचा डोंगरातला खातापिता चुलतभाऊ. मांजराहून मोठा, गुबगुबीत, बुडावर बसून दोन्ही हात पोटावर ठेवणारा. परकं माणूस दिसलं की तो शिट्टी मारतो आणि बिळात गडप होतो. किर्गीझ मेंढपाळाला त्याच्या कातड्याची टोपी हवी असते, चरबी खोकल्यावर हवी असते, आणि खरं सांगायचं तर मांसही आवडतं. पण त्याच्या अंगावर पिसवा असतात, आणि त्या पिसवांत कधीकधी प्लेग असतो. म्हणून सरकारनं खाली गावात प्लेगचं ठाणं उघडलेलं. तिथली माणसं दर उन्हाळ्यात कुरणावर येऊन राहायची, बिळं तपासायची, पिसवा बाटल्यांत भरून प्रयोगशाळेत पाठवायची. उलकान त्यांतली. दोन तंबू, एक घोडा, एक रेडिओयंत्र, फ्लॅनेलचे तागे आणि एक जाड वही. अख्ख्या कुरणानं तिचं नाव ठेवलं होतं 'पिसवांची सासू'. तिला ते ठाऊक होतं. "सासू तर सासू," म्हणायची. "सुना निदान आज्ञेत आहेत. बोलावलं की फडक्यावर येतात."

तिला दोनच नाद. एक मोजण्याचा. तंबूत शिरली की आधी बोरसोक, म्हणजे तळलेले कणकेचे गोळे, मोजायची, मग खायची, मग उरलेले मोजायची. दुसरा वाद घालण्याचा. विषय कुठलाही चालायचा. चहात दूध आधी की मीठ आधी. घोडा उभ्यानं झोपतो तेव्हा स्वप्न बघतो की नाही. पण एवढी वाद घालणारी बाई, तिला कुरणावर वाद जिंकताना कुणी पाहिलं नव्हतं. कारण तिथे इशेनकुल म्हातारा होता, जिपारचा सासरा. सासऱ्याचं नाव जिपारच्या तोंडून कधी निघायचं नाही, रीतच नाही तशी, ती 'बाबा' म्हणायची. उलकाननं तासभर पुरावे मांडावेत, म्हाताऱ्यानं दाढीवरून हात फिरवावा आणि म्हणावं, "मी ऐंशी वर्षं बघतोय." संपला वाद.

एकदा काय झालं, उलकाननं तिचा नकाशा म्हाताऱ्यापुढे पसरला. जिथे आजारी मार्मोट सापडले होते तिथे लाल ठिपके. म्हाताऱ्यानं एकेका ठिपक्यावर बोट टेकवून बघितलं. मग म्हणाला, "ह्यासाठी तुला पगार देतात? मला विचारायचंस. ह्या ठिपक्यांवर आमच्यात कुणी कधी तंबू ठोकलेला नाही."

"का नाही?"

"आजोबांनी ठोकला नाही म्हणून बापानं नाही. आजोबांनी का नाही, ते त्यांच्या आजोबांना विचार."

त्या दिवशी उलकाननं पहिल्यांदा वाद घातला नाही, वहीत बरंच काही लिहून घेतलं. म्हातारा मग खुलला. ओढ्याकडे बोट करून त्यानं सांगितलं, की त्याचे आजोबा पोरसवदा असताना ह्या कुरणावर दोन वस्त्या होत्या, एक ओढ्याच्या अलीकडे, एक पलीकडे. चूल वेगळी, कूळ वेगळं, पण ताकाची देवघेव रोजची. एका उन्हाळ्यात अलीकडच्या वस्तीत काखेत गाठी उठून माणसं पडायला लागली. एका सकाळी उठून बघतात तर पलीकडे नुसती तंबूंच्या जागची पिवळी वर्तुळं. न सांगता, निरोप न घेता, पलीकडची वस्ती खिंड ओलांडून गेली होती.

"तेव्हापासून आपण अलीकडचे आणि ते पलीकडचे," म्हातारा म्हणाला. "लग्न नाही, जेवण नाही, मयताला जाणं नाही. आणि तेव्हापासून आमच्याकडे पाहुणा आला की आधी ओढ्यापलीकडे थांबतो आणि ओरडून विचारतो, गुरंढोरं, जीव सुखरूप ना? आतून उत्तर आल्याशिवाय पाय पाण्यात घालत नाही. लोक म्हणतात नमस्काराची रीत आहे. कसली रीत, भीती आहे ती. जुनी झाली म्हणून गोड लागते."

आता गंमत बघा. तीन पिढ्यांचं हे वैर, आणि जिपारच्या लेकीनं, आयनाशनं, तालुक्याच्या नर्सिंग शाळेत जाऊन मन कुणावर ठेवावं? पलीकडच्यांच्या एर्मेकवर. घरात आठ दिवस कुणी कुणाशी बोललं नाही. मग म्हातारा एका सकाळी म्हणाला, "पोरीला डूल घालून जाऊ दे त्यांना. मरायच्या आधी त्या लोकांना एकदा जेवायला घालायचंय मला. बघू तरी, कसे निरोप घेतात ते."

डूल घालणं म्हणजे मुलाच्या आईनं यायचं, मुलीच्या कानांत स्वतःच्या हातानं डूल घालायचे, की सोयरीक पक्की झाली. त्यानंतर मुलीकडच्यांनी डूल घालणारीच्या खांद्यावर रेशमी शाल टाकायची. आणि ह्या दोन्ही घरांत एक जास्तीची अट: पाहुण्यांसाठी मेंढीचं डोकं शिजून ताटात आलं, की ते निवायच्या आत डूल कानांत हवेत. डोकं निवलं आणि कान मोकळे राहिले, तर सोयरीक फिसकटली. पुन्हा त्या घरात ती गोष्ट काढायची नाही.

ठरल्या दिवशी जिपार पहाटेपासून भिंगरीसारखी फिरत होती. शाल तर अशी निवडली होती, निळी, मोरपिशी काठाची, की तीनदा स्वतःच्या खांद्यावर टाकून बघितली. नवरा मेंढरांमागे गेलेला, डोकं कढईत, म्हातारा नव्या टोपीत. उलकानला तिनं मुद्दाम बोलावलं होतं आणि, मोठ्या बहिणीला मारतात तशी 'एजे' हाक मारून, दम भरला होता, "एजे, आज पिसवांचं नाव काढायचं नाही. आणि वाद तर मुळीच नाही."

"मी कधी वाद घातलाय?" उलकान म्हणाली, आणि ह्यावरच वाद घालायच्या बेतात होती, इतक्यात जीप आली.

ओढ्यापलीकडे थांबली. आधी विहीणबाई उतरल्या. तुर्दुबुबू त्यांचं नाव. छातीवर चांदीचे बंद, आणि चेहरा असा, की आपण येऊन ह्या डोंगराचं कल्याण केलंय. खरं तर मुलानं यायचं नसतं, पण विधवेचा एकुलता मुलगा, गाडी चालवायला दुसरं कोण. उतरताना एर्मेकनं जीपच्या बॉनेटवर काहीतरी ठेवलं. मोठा, गुबगुबीत, मेलेला मार्मोट.

"गुरंढोरं, जीव सुखरूप ना?" तुर्दुबुबू रीतीप्रमाणे ओरडल्या.

"सुखरूप, सुखरूप. या," जिपारनं हाक दिली आणि त्यांचा हात धरायला पाण्यात पाय घातलाच.

"आजोबा, भेट आणलीय," एर्मेक दिमाखात म्हणाला. "वाटेत सापडला. बंदूकसुद्धा लागली नाही. नुसत्या हातानं धरला."

म्हाताऱ्याचा हात दाढीवरच थांबला. "शिट्टी मारली का त्यानं?"

"नाही ना. शहाण्यासारखा बसून होता. उचलून मांडीवर घेतला, तिथेच गेला बिचारा."

शिट्टी न मारणाऱ्या मार्मोटला हात लावायचा नसतो. कुरणावरच्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक असतं. पण पलीकडचे तीन पिढ्यांपासून खाली शेतीत रमलेले, त्यांना कोण सांगणार. म्हातारा काही बोलायच्या आत उलकाननं जिपारला मागून कमरेत धरलं आणि उचलून मागे ठेवलं. उचलून. जिपार काही हलकी बाई नव्हती.

"कुणी ओढा ओलांडायचा नाही," उलकान म्हणाली. "तुम्ही दोघं तिथेच बसा. सहा दिवस."

तुर्दुबुबूंना वाटलं, थट्टा आहे. मग उलकान तोंडाला कापडी पट्टा आणि अंगात पांढरा झगा घालून आली. मार्मोट चिमट्यानं पत्र्याच्या डब्यात गेला. मांडीवर मार्मोट घेतलेली विजार गेली, शर्ट गेला, तुर्दुबुबूंचा मखमली कोट गेला, आणि दोघांसमोर गोळ्या आल्या. आता मात्र त्यांना कळलं, थट्टा नाही.

"ही सुडाची कामं आहेत," तुर्दुबुबू कडाडल्या. "आमच्या पणजोबांनी काय केलं, त्याचं उट्टं काढताय. जेवायला बोलावून वेशीबाहेर बसवताय. एर्मेक, गाडी फिरव."

"गाडी फिरवलीत तर गावात जाल. गावात शाळा आहे, बाजार आहे," उलकान म्हणाली. "मागच्या खेपेला तुम्ही निघून गेलात ते बरं केलंत, मला विचाराल तर. तुम्ही तेव्हा निरोगी होतात. आज राहिलात तर बरं कराल. बाकी मला तुमच्या पणजोबांशी काही देणंघेणं नाही."

तुर्दुबुबू गाडीकडे वळल्या नाहीत. पण खाली बसल्याही नाहीत. आणि इकडे कढईतून वाफा निघत होत्या. आयनाश तंबूच्या दाराशी उभी, कान मोकळे, डोळे भरलेले. जिपार कढईपाशी धावली. डोकं शिजलेलं आहे. ताटात काढलं तर निवणार. नाही काढलं तर पाहुण्यांना न जेवता परतवलं, हे त्याहून वाईट. आणि हातानं डूल घालणारी बाई ओढ्यापलीकडे, नुसत्या परकरात, रागानं लाल.

"काढ ताटात," म्हातारा म्हणाला.

"बाबा, निवेल."

"काढ म्हणतो ना. आणि ती पिसवांची सासू कुठेय?"

उलकान आलीच होती, आणि तिच्या हातात ती काठी होती. तीच. बिळांतली. फडकं नवं, कोरं, उकळून वाळवलेलं. "विहीणबाई," तिनं हाक दिली, "डूल ह्याला अडकवा."

"मी? माझ्या मुलाचे डूल? घुशीच्या काठीला?"

"घूस नाही, खारीच्या जातीतला आहे तो. मला कितीही वाद घालायला आवडेल, पण डोकं निवतंय."

ताटातून वाफ सरळ वर जात होती. सगळ्यांचे डोळे त्या वाफेवर. एर्मेक आईकडे बघून इतका केविलवाणा झाला, की कुणाच्याही आईला पाझर फुटावा. तुर्दुबुबूंनी कमरेची पुरचुंडी सोडली, पोवळ्याचे डूल बाहेर काढले, फडक्यात अडकवले, आणि काठी ओढ्यावरून अशी डुलत डुलत निघाली, की म्हातारासुद्धा श्वास रोखून बघत होता. मधल्या दगडावर एक डूल सरकला. आयनाश किंचाळली. पण फ्लॅनेलच ते, पिसू सोडत नाही तर डूल काय सोडणार. डूल थेट उकळत्या पाण्यात गेले, तिथून स्पिरिटमध्ये. उलकाननं कोपरापर्यंत हात धुतले आणि फू-फू करत दोन्ही डूल पोरीच्या कानांत घातले. पलीकडून तुर्दुबुबूंनी ओरडून आशीर्वाद दिले. त्यांत थोडे शापही मिसळले असतील, वाऱ्यामुळे नीट ऐकू आलं नाही. म्हाताऱ्यानं ताटाला बोट लावून बघितलं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं. थोडं नाटकच होतं ते. पण सोयरीक वाचली.

मग ते सहा दिवस. पलीकडे उलकानचा दुसरा तंबू दोन भागांत, एकीकडे आई, एकीकडे मुलगा. जेवण ओढ्याच्या मधल्या दगडावर ठेवायचं आणि मागे फिरायचं. सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर, सकाळ-संध्याकाळ गोळ्या, आणि रोज उलकानच्या वहीत दोघांच्या सह्या: ताप नाही, कुणाला स्पर्श केलेला नाही. तुर्दुबुबू सही अशी करायच्या जणू जमीन लिहून देतायत. करमणूक म्हणून त्या दिवसभर ओढ्याकाठी बसून जिपारच्या संसारातल्या चुका ओरडून सांगायच्या. "विहीणबाई, लोणी असं नाही घुसळत." "विहीणबाई, तुमचा कुत्रा फार जाडा आहे." जिपारनंही मग अलीकडे बैठक मारली आणि उत्तरं द्यायला लागली. तिसऱ्या दिवशी दोघी हसत होत्या. ओरडून भांडायला जोर फार लागतो, हसायला कमी.

त्याच संध्याकाळी एर्मेकच्या थर्मामीटरनं बेचाळीस अंश दाखवले. उलकाननं काच उजेडात धरली. जिपारच्या हातातली चरवी खाली पडली, आयनाश पाण्याकडे धावली, तुर्दुबुबू तंबूचा मधला पडदा मुठीत धरून उभ्या राहिल्या. उलकाननं हातमोज्यानं पोराचं कपाळ बघितलं, काखा बघितल्या, जीभ बघितली. मग उशाशी ठेवलेला चहाचा वाडगा बघितला.

"ह्या तापात तू आत्तापर्यंत शिजून उतरायला हवा होतास," ती म्हणाली. "चहात बुडवलंस ना?"

एर्मेकनं खाली मान घातली. "आयनाशला काळजी वाटते का, ते बघायचं होतं."

काळजी वाटते की नाही, ते आयनाशनं ओढ्यावरून पाच मिनिटं तारस्वरात सांगितलं. तसली भाषा नर्सिंग शाळेत शिकवत नाहीत. शिक्षा म्हणून उलकाननं त्याला दुर्बिणीतून समोरच्या उतारावरचे मार्मोट मोजायला बसवलं. एकशे चार भरले. तिनं पुन्हा मोजायला लावले.

पाचव्या दिवशी दुपारी प्रयोगशाळेचा निरोप रेडिओवर आला. उलकान वही मिटून तंबूतून बाहेर आली. डब्यातल्या त्या मार्मोटला प्लेग होता. खराखुरा. हसणं जागच्या जागी थांबलं. जिपारला आठवलं, तिनं पाण्यात पाय घातला होता. हात पुढे केला होता. आणखी चार पावलं, आणि मग संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तो मार्मोट सोलला असता. म्हातारा उठला, ओढ्याच्या काठापर्यंत गेला आणि पलीकडे ओरडला, "विहीणबाई, तुमच्या पणजोबांवरचा राग मी सोडला. ते गेले म्हणून तुम्ही आहात, आणि तुम्ही आहात म्हणून माझ्या नातीला भांडायला कुणीतरी आहे."

तुर्दुबुबूंनी डोळ्यांना रुमाल लावला. मग म्हणाल्या, "तुमचा कुत्रा मात्र खरंच जाडा आहे."

सहावा दिवस संपला. ताप कुणाला नाही, गाठ कुणाला नाही. सातव्या सकाळी पाहुणे ओढा ओलांडून आले, उलकानच्या घोड्याच्या झुलीचे शिवलेले कोट घालून. नवी मेंढी कापली गेली. जेवणं झाली आणि जिपारनं ती निळी शाल काढली. तुर्दुबुबूंनी खांदा पुढे केला.

"एक मिनिट," उलकान म्हणाली.

जिपारनं कपाळाला हात लावला. "एजे, आज नको."

"शाल डूल घालणारीची असते ना? डूल मी घातले."

"अगं बाई," तुर्दुबुबू म्हणाल्या, "डूल माझे, मुलगा माझा, आशीर्वाद माझे. तू नुसती काठी होतीस. मीच घातले. हात जरा लांब केला इतकंच."

म्हाताऱ्यानं दाढीवरून हात फिरवला. "मी ऐंशी वर्षं बघतोय," तो सुरू झाला, "शाल नेहमी मुलाच्या आईला–"

"बाबा, थांबा जरा," उलकान म्हणाली आणि तिनं वही उघडली. "विहीणबाई, ही सही तुमची?"

"माझीच."

"पहिल्या दिवसाची. वाचते. कुणाला स्पर्श केलेला नाही. आता मला सांगा, डूल तुम्ही घातलेत, म्हणजे मुलीच्या कानाला तुमचा हात लागला. हात लागला तर ही सही खोटी, आणि ही खोटी तर बाकीच्याही; मोजणी पुन्हा पहिल्यापासून. आणि मग आयनाशला आजपासून सहा दिवस वेगळं बसवावं लागेल, तुम्हाला लागेल, आणि तुमच्याबरोबर जेवलेल्या ह्या सगळ्यांनाही. तंबू अजून पाडलेला नाही मी. गोळ्या आहेत."

एर्मेक हळूच दाराकडे सरकला.

"आणि हात लागला नसेल," उलकान पुढे म्हणाली, "तर डूल कुणी घातले?"

तुर्दुबुबूंनी म्हाताऱ्याकडे बघितलं. म्हाताऱ्यानं दाढी सोडून दिली. ऐंशी वर्षांत त्यानं असलं काही बघितलेलं नव्हतं.

"तिनं," तुर्दुबुबू दातांतून म्हणाल्या.

उलकाननं खांदा पुढे केला, शाल घेतली, काठाची टोकं जुळवून बघितली, आणि मग बसून शालीच्या झालरीचे गोंडे मोजायला लागली.